वारा दक्षिणेकडे, मग कोमट पाण्याची जीभ उत्तरेकडे कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात एम.एस्सी. करताय आणि प्रकल्पासाठी पीत समुद्र घेतलाय. जानेवारी-फेब्रुवारीच्या उपग्रह नकाशांवर तुम्हाला दोन गोष्टी दिसताहेत. एक म्हणजे चीन आणि कोरिया या दोन्ही किनाऱ्यांना समांतर गेलेले तापमानाच्या रेषांचे दाट पट्टे, म्हणजे फ्रंट. दुसरी म्हणजे या पट्ट्यांच्या मधून, खाली जेजू बेटाच्या बाजूने वर उत्तरेला घुसलेली कोमट पाण्याची जीभ. वारा मात्र हिवाळाभर उत्तरेकडून दक्षिणेकडे, तोही सणसणीत. तुमचे सर म्हणतात ही कुरोशिओची, म्हणजे जपानच्या बाजूने उत्तरेला जाणाऱ्या मोठ्या उबदार प्रवाहाची, शाखा आहे, तसं लिहून टाका. तुम्हाला ते पचत नाही, कारण वाऱ्याच्या विरुद्ध प्रवाह जाईलच कसा? शेवटी जाता जाता तुम्ही विचारलंय, की समुद्र नीट पाहिलेलाच नाही, तर इथे बसून हा विषय घ्यावा का.

घ्यावा. त्याबद्दल पुढे लिहिते. मी समुद्रविज्ञानात नोकरी केली, जहाजावरून तापमान-क्षारतेची उपकरणं पाण्यात सोडली, आणि बाकीचा बराच काळ तुमच्यासारखाच नकाशांसमोर बसून काढला. त्या अनुभवातून सांगते, तुमची खरी अडचण वाऱ्याची नाही. तुम्ही तापमानाचा नकाशा प्रवाहाचा नकाशा म्हणून वाचताय. तुमचे सरही तेच करताहेत, फक्त त्यांना उत्तर सापडल्यासारखं वाटतंय आणि तुम्हाला नाही. कोमट पाण्याची जीभ दिसली म्हणजे तिथे प्रवाह आहे असं सिद्ध होत नाही. प्रवाह असेलही, पण त्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. हे वेगळं केलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

आधी भांडं बघू. पीत समुद्राची सरासरी खोली फक्त ४४ मीटरच्या आसपास आहे. त्याच्या उत्तरेला लागून असलेल्या बोहाई समुद्राची तर १८ मीटर. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा हा सगळा भाग कोरडी जमीन होता. नद्या त्यावरून वाहत होत्या. तळ सपाट नाही. मध्यातून, जरा कोरियाच्या बाजूला सरकलेला, दक्षिण-उत्तर जाणारा एक खोलगट पट्टा आहे. त्याची खोली ८० मीटर आणि दक्षिणेकडे काही ठिकाणी १०० मीटरच्या घरात जाते. चीनच्या बाजूने तळ अगदी हळूहळू उतरतो, कोरियाच्या बाजूने बेटांच्या गर्दीतून जरा झपकन. हा खोलगट पट्टा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आता फ्रंट. हिवाळ्यात सैबेरियावरचा उच्च दाबाचा प्रदेश थंड, कोरडी हवा या समुद्रावर लोटतो. पाणी हवेपेक्षा उबदार, त्यामुळे ते उष्णता गमावत राहतं. वारा आणि भरती-ओहोटी मिळून पाणी इतकं ढवळून काढतात की बहुतेक भागात वरपासून तळापर्यंत तापमान जवळजवळ एकच होतं. इथे एक साधा हिशेब करा. समजा, दर चौरस मीटरमागे समुद्र २०० वॅट उष्णता गमावतोय. २० मीटर खोल पाणी त्याने दिवसाला सुमारे ०.२ अंश सेल्सिअसने थंड होईल. ८० मीटर खोल पाणी तेवढ्याच तोट्याने दिवसाला ०.०५ अंशाने. महिन्याभरात उथळ पाणी सहा अंश उतरलं, तर खोल पाणी जेमतेम दीड अंश. वरून जाणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच, पण ती किती खोलीच्या पाण्यात वाटली गेली यात फरक. मग जिथे तळ झपाट्याने खोल होतो, तिथे तापमानही झपाट्याने बदलणार. तोच तुमचा फ्रंट. म्हणून हिवाळ्यातल्या समताप रेषा, म्हणजे सारख्या तापमानाच्या रेषा, समुद्रतळाच्या खोलीच्या रेषांना इतक्या चिकटून चालतात.

हा हिशेब तीन महिने तसाच पुढे रेटू नका. तसं केलंत तर उथळ पाणी कागदावर गोठणबिंदूच्या खूप खाली जाईल. प्रत्यक्षात पाणी थंड होत हवेच्या तापमानाजवळ आलं की उष्णतेचा तोटाही कमी होतो. त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी लवकर थंड होऊन मग रेंगाळतं, आणि खोल पाणी मागून सावकाश उतरत राहतं. उत्तरेला बोहाईत आणि ल्याओदोंगच्या आखातात मात्र हिवाळ्यात खरोखरच बर्फ धरतो, कारण तिथे खोली फारच कमी आणि हवा फारच थंड.

उन्हाळ्यातले फ्रंट वेगळ्या घडणीचे असतात, हे अधोरेखित करून ठेवा, कारण प्रबंधात दोन्हींची सरमिसळ फार होते. उन्हाळ्यात वर तापलेला थर असतो आणि खाली खोलगट पट्ट्यात हिवाळ्याचं उरलेलं थंडगार पाणी, बऱ्याचदा १० अंशांच्याही खाली, साचून राहतं. त्या वेळचे फ्रंट भरती-ओहोटीच्या ढवळण्याने बनतात. जिथे प्रवाह जोरात आणि पाणी उथळ, तिथे थर टिकत नाहीत. जिथे प्रवाह मंद आणि पाणी खोल, तिथे टिकतात. उपग्रहाला तेव्हा फक्त वरची पातळ कातडी दिसते आणि खालचं थंड पाणी लपून राहतं. हिवाळ्यात मात्र पाणी वरून खालपर्यंत एकजीव असल्याने वरचं तापमान हेच बहुतेक ठिकाणी तळाचंही तापमान असतं. उपग्रहावर काम करणाऱ्याला याहून सोयीचा हंगाम नाही. तुम्ही हिवाळा निवडलात ते उत्तमच.

आता ती जीभ. वरचा हिशेब पुन्हा बघा आणि स्वतःला विचारा: या समुद्रात पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे हलला नाही, तर फेब्रुवारीत नकाशा कसा दिसेल? दोन्ही किनाऱ्यांना थंड पट्टे, मध्ये खोलगट पट्ट्यावर सावकाश थंड झालेलं कोमट पाणी, आणि दक्षिणेकडे हवाच कमी थंड असल्याने ते आणखी कोमट. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे निमुळती होत गेलेली जीभ! प्रवाह शून्य असतानाही. माझ्याकडे परीक्षणाला आलेल्या कामांत ही जीभ दाखवून थेट प्रवाहाचा बाण काढलेला दिसला, की मी तिथेच थांबून समासात प्रश्नचिन्ह करायचे.

मग प्रवाह आहे की नाही? आहे. पण ते तापमान एकटं सांगू शकत नाही. मी तीन गोष्टी तपासते.

पहिली, मीठ. हवेशी होणाऱ्या देवाणघेवाणीत पाणी उष्णता गमावतं, मीठ गमावत नाही. थोडं बाष्पीभवन होतं, थोडा पाऊस-बर्फ पडतो, पण एका हिवाळ्यात त्याचा परिणाम मर्यादित. पीत समुद्राच्या आतल्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं असल्याने त्याची क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम मीठ तो आकडा, ३२ च्या आसपास राहते. जेजूच्या दक्षिणेचं, त्सुशिमा या कुरोशिओच्या कुटुंबातल्या उबदार प्रवाहाशी नातं असलेलं पाणी ३४ च्या पुढचं. तेव्हा खोलगट पट्ट्यात वर उत्तरेकडे ३३ च्या पुढची क्षारता सापडली, तर ते पाणी दक्षिणेकडूनच आलेलं असणार. जागच्या जागी थंड होऊन पाणी खारट होत नाही. जहाजांवरच्या मोजणीत अशी खारट जीभ हिवाळ्यात खरंच सापडते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात जपानी शास्त्रज्ञ उदा यांनी या भागाच्या मोजण्यांवरून पीत समुद्र उबदार प्रवाहाचं जे चित्र मांडलं, त्यालाही आधार तापमान आणि क्षारता या जोडीचा होता.

दुसरी, जिभेची जागा. नुसत्या सावकाश थंड होण्याने जीभ बनली असती, तर तिचा सर्वांत उबदार कणा सर्वांत खोल रेषेवर बरोबर बसायला हवा. प्रत्यक्षात तो तिथे बसत नाही. पीत समुद्राच्या दक्षिण भागात तो खोल रेषेच्या पश्चिमेला, चीनकडच्या उतारावर सरकलेला दिसतो. नुसत्या थंडीला असं सरकवता येत नाही. त्याला पाण्याची हालचाल लागते. हे तुम्ही तुमच्याच नकाशांवर, खोलीच्या रेषा वर टाकून, आज संध्याकाळी पाहू शकता. तिसरी तपासणी उष्णतेच्या ताळेबंदाची. ती तुमच्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकते, म्हणून थोडी पुढे ठेवते.

आधी वाऱ्याचं कोडं. ते दिसतं तितकं अवघड नाही. उत्तरेकडून वारा सतत ढकलत राहिला, की पाणी दक्षिणेला चढतं आणि उत्तरेला उतरतं. पृष्ठभागाला एक अगदी बारीक उतार येतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा धरला, सरासरी खोली ४४ मीटर आणि लांबी सुमारे ८०० किलोमीटर धरली, तर पूर्ण बंद भांड्यात दोन टोकांतला फरक पाव मीटरच्या थोडा वर निघतो. दिसायला क्षुल्लक. पण आता पाण्यावर दोन बलं आहेत: वारा दक्षिणेकडे ढकलतोय आणि हा उतार पाण्याला उत्तरेकडे परत लोटतोय.

फरक पडतो तो या दोन बलांच्या वाटणीत. वारा फक्त पृष्ठभागावर घासतो. त्याचा जोर खालच्या सगळ्या पाण्यात वाटला जातो, म्हणून खोल पाण्यात प्रत्येक थराच्या वाट्याला कमी येतो. उताराचा दाब मात्र वरपासून तळापर्यंत सगळ्या पाण्यावर सारखाच काम करतो. २० मीटर खोलीवर वाऱ्याचा वाटा उताराच्या दुपटीहून थोडा जास्त पडतो. पाणी वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे जातं. ८० मीटर खोलीवर गणित उलटतं. उताराचा वाटा वाऱ्याच्या पावणेदोन पट, आणि पाणी वाऱ्याविरुद्ध उत्तरेकडे निघतं. सीमा कुठे? सरासरी खोलीवर, जिथे दोन्ही तुल्यबळ. म्हणजे चीनच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे एक प्रवाह, कोरियाच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे दुसरा, आणि मधल्या खोलगट भागातून उत्तरेकडे परतीचं पाणी. लांबट सरोवरांसाठी हे गणित शास्त्रज्ञ चनाडी यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं. ते सरोवरांचं असलं तरी पीत समुद्राला आश्चर्यकारकरीत्या लागू पडतं. वाऱ्याविरुद्ध प्रवाह जातो असं म्हणण्यापेक्षा, वाऱ्यानेच तो उलटा प्रवाह निर्माण केलाय, असं म्हणणं जास्त बरोबर.

हे गणित आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावालाही लागू आहे, फक्त तिथे उतार मिलिमीटरांत निघेल आणि लाटांत हरवून जाईल. तिथे काही दिसेल म्हणून जाऊ नका. जायचंच असेल तर दुसऱ्या कारणासाठी जा, ते पुढे सांगते.

आता या सरळ चित्राला कुठे कुठे ठिगळं लावावी लागतात ते. दक्षिणेचं तोंड बंद नाही, पूर्व चीन समुद्राकडे उघडं आहे, त्यामुळे पाणी पूर्ण साचत नाही आणि पाव मीटर हा आकडा कल्पनेतल्या भांड्याचा समजायचा. पृथ्वीच्या फिरण्याचाही परिणाम आहे. उबदार कणा पश्चिमेला सरकण्यात तो आणि तळाचा उतार दोन्ही गुंतलेले आहेत. भरती-ओहोटी तळाशी घर्षण वाढवते. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इंचॉनजवळ, मोठ्या भरतीला पाणी नऊ मीटरच्या आसपास चढ-उतार करतं, म्हणजे ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. आणि पाठ्यपुस्तकातला एकमन सिद्धांत, वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात पाणी जातं तो, इथे जसाच्या तसा चालवू नका. या अक्षांशावर इतक्या वाऱ्यात एकमन थराची जाडी समुद्राच्या खोलीएवढीच भरते. वरचा थर आणि तळाचा थर एकमेकांत घुसतात. खोल समुद्रासाठी केलेलं गणित चाळीस मीटर पाण्यावर लादलं की उत्तर सुबक येतं आणि चुकीचं येतं.

सर्वांत मोठं ठिगळ काळाचं. हिवाळी वारा सलग वाहत नाही. शीतलहरी काही दिवसांच्या, साधारण आठवड्याच्या अंतराने झटक्याने येतात: दोन-चार दिवस जोर, मग उसंत. झटका चालू असताना उतार तयार होतो. वारा पडला की त्याला अडवणारं कोणी राहत नाही आणि उत्तरेकडचा प्रवाह मोकळा सुटतो. त्यामुळे हा उबदार प्रवाह नदीसारखा हिवाळाभर अखंड वाहत नाही, उसळ्यांनी येतो. तळाशी नांगरलेल्या मापकांच्या नोंदींवरून काही कोरियन संशोधकांनी तर खोलगट पट्ट्यात सततचा प्रवाह आहे यावरच शंका घेतली, आणि त्या शंकेत दम आहे. सरासरी वेग सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर. ५ सेंटीमीटर धरला तर दिवसाला चार किलोमीटरच्या थोडं वर, महिन्याला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्याच पाण्यात भरती-ओहोटीचे प्रवाह याच्या कितीतरी पट जोरात मागे-पुढे होत असतात. भरती-ओहोटी गाळल्याशिवाय हा सावकाश सरकणारा भाग दिसतही नाही.

मग सरांच्या वाक्याचं काय करायचं? 'कुरोशिओची शाखा' हे जुन्या नकाशांवरचं वर्णन आहे आणि ते अगदी निराधार नाही, कारण त्या खारट पाण्याचं मूळ शेवटी कुरोशिओच्या कुटुंबातच जातं. पण शाखा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मोठ्या प्रवाहातून फुटून स्वतःच्या जोरावर वर आलेला फाटा. इथे जोर कुरोशिओचा नाही, उत्तरेच्या वाऱ्याचा आहे. पाणी दक्षिणेचं, पण त्याला ओढून नेणारं कारण इथलंच. सरांना असं सांगून बघा: पाण्याचं मूळ आणि पाणी हलण्याचं कारण या दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरं प्रबंधात स्वतंत्र देऊ. कोणाचं म्हणणं खोडल्यासारखं होणार नाही आणि लिहिलेलं बरोबरही राहील.

तुम्ही न विचारलेला एक मुद्दा, पण तोंडी परीक्षेत हमखास येणारा. तापमानाचा फ्रंट इतका तीव्र, तर त्याच्या कडेने तितकाच तीव्र प्रवाह का नाही? कारण फ्रंटच्या कडेचा प्रवाह चालतो तो घनतेतल्या फरकाने, तापमानाच्या फरकाने नाही. जिभेतलं पाणी कोमट आहे म्हणून हलकं, पण खारट आहे म्हणून जड. किनाऱ्याचं पाणी थंड म्हणून जड, पण गोडसर म्हणून हलकं. दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात. नकाशावर रंग कितीही भडक असले तरी घनतेचा फरक मामुली असू शकतो. तापमानाच्या उतारावरून प्रवाहाचा वेग काढण्याचा मोह होईल. क्षारता हातात नसेल तर तो टाळा.

आता सोलापुरातून काय काय करता येईल. समुद्राच्या तापमानाची उपग्रह माहिती फुकट मिळते, पण कोणती घ्यायची यात मेख आहे. नोआ या अमेरिकी संस्थेची ओआयएसएसटी ही समुद्र-तापमानाची मालिका १९८१ पासून रोजची आहे, पण तिची जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरची. एखादा फ्रंट त्यात पसरट पट्टा होऊन बसतो. वर्षावर्षांची तुलना करायला ती चांगली, फ्रंटची जागा ठरवायला नाही. एमयूआर ही मालिका २००२ पासून आहे, जाळी एक किलोमीटरची, दिसायला देखणी. पण ढगांखालचे भाग तिथे आजूबाजूवरून भरलेले असतात. तिथे जो गुळगुळीतपणा दिसतो तो समुद्राचा नसून संगणकाचा असतो. फ्रंट शोधायला मी मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची न भरलेली, ढगांच्या जागी भोकं असलेली चित्रंच घेते. भोकं खुपतात, पण ती खोटं बोलत नाहीत.

ढगांचा एक छुपा दोष इथे आहे. शीतलहरीत थंड हवा कोमट समुद्रावरून जाते तेव्हा ढगांच्या लांबच लांब रांगा उठतात आणि समुद्र झाकला जातो. निरभ्र चित्रं मिळतात ती बहुतेक दोन लहरींच्या मधल्या उसंतीची. म्हणजे महिन्याच्या निरभ्र चित्रांची सरासरी काढली, की ती महिन्याची सरासरी नसते, उसंतीच्या दिवसांकडे झुकलेली असते. आणि प्रवाह तर नेमका लहर आणि उसंत यांच्यात बदलतो. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर त्या दिवसाचा आणि आदल्या तीन-चार दिवसांचा वारा नोंदवा. ईआरए५ या हवामानाच्या पुनर्विश्लेषणातून, म्हणजे मोजण्या आणि संगणकी प्रतिमान जुळवून केलेल्या माहितीसंचातून, तो तासातासाचा मिळतो. मासिक सरासरीचे नकाशे परिशिष्टात टाका, निष्कर्ष त्यांवर उभे करू नका.

फ्रंट ठरवण्यासाठी तापमानाच्या ठरावीक उताराची मर्यादा लावणं सोपं आहे, पण तीच मर्यादा डिसेंबरला आणि मार्चला लावली तर एकात फ्रंट जास्त आणि दुसऱ्यात नाहीसे होतात. कायुला आणि कॉर्निलॉन यांची १९९२ ची पद्धत चित्राच्या छोट्या खिडकीत तापमानाचे दोन वेगळे गट पडतात का ते बघते. ती ऋतूबरोबर कमी डगमगते आणि तिच्या तयार संगणकीय आज्ञावल्या मिळतात. एकच नियम पाळा: किनाऱ्यालगतचे जाळीचे एक-दोन चौकोन आधीच वगळा. नाहीतर जमिनीचा किनाराच सर्वांत मोठा फ्रंट म्हणून निघेल.

काय चालणार नाही तेही सांगते, म्हणजे महिने वाया जाणार नाहीत. आर्गो तरंडे, म्हणजे आपोआप वर-खाली जात मोजणी करणारी तरंगती उपकरणं, खोल समुद्रासाठी आहेत, हजार मीटरवर विसावतात. पीत समुद्रात त्यांना विसावायला जागाच नाही. उपग्रहावरून मोजलेली क्षारता चाळीस-एक किलोमीटरच्या ठिपक्यांत येते आणि किनाऱ्याजवळ बिघडते. त्यात पूर्व आशियातल्या रेडिओ लहरींचा गोंधळ. समुद्राच्या उंचीचे उपग्रह त्या पाव मीटरच्या उताराकडे बघू शकतील असं वाटतं, पण इंचॉनची भरती आठवा. ती वजा करण्यातली थोडीशी चूकही उताराला गिळून टाकते. क्षारतेसाठी वर्ल्ड ओशन अ‍ॅटलस या मोजण्यांच्या संग्रहातली हंगामी सरासरी आणि एखादं चांगलं पुनर्विश्लेषण घ्या, ते प्रतिमानातून आलेलं आहे हे स्पष्ट लिहा, आणि त्यातल्या ३३ च्या क्षारता-रेषेची जागा तापमानाच्या जिभेशी ताडून पाहा.

आणि आता तो ताळेबंद. माझ्या मते तुमचा प्रकल्प एवढाच असावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीचं तापमान घ्या, तेव्हाच्या थरांचा विचार टाळायचा असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून सुरू करा. गेब्को या समुद्रतळाच्या खोलीच्या जागतिक नकाशातून प्रत्येक चौकोनाची खोली घ्या. ईआरए५ मधून रोजचा उष्णतेचा तोटा घ्या. पाणी अजिबात हललं नाही असं धरून प्रत्येक चौकोन फेब्रुवारीअखेरपर्यंत थंड करा. मग हे काल्पनिक तापमान उपग्रहाच्या खऱ्या तापमानातून वजा करा. उरलेला नकाशा हा तुमचा पुरावा. खोलगट पट्ट्याच्या पश्चिम उतारावर खरं पाणी हिशेबापेक्षा उबदार निघालं, तर उष्णता बाहेरून आली. चीनच्या किनाऱ्याच्या दक्षिण भागात ते हिशेबापेक्षा थंड निघालं, तर उत्तरेचं थंड पाणी खाली आलं. काहीच उरलं नाही, तर त्या वर्षी प्रवाहाची गरजच नव्हती, आणि तोही निष्कर्षच.

याला चुकीचा पट्टा मात्र जोडा. उष्णतेच्या आकड्यात २५ वॅटची चूक सहज असते. तीन महिन्यांत ती ८० मीटर खोलीवर ०.६ अंशाची होते, २० मीटरवर दोन अंशांच्या पुढे. म्हणून खोल भागातल्या एक-दीड अंशाच्या फरकावर विश्वास ठेवता येतो, उथळ भागातल्या तेवढ्याच फरकावर नाही. योग असा की ज्या जिभेबद्दल भांडण आहे ती खोल भागातच आहे.

समुद्र न पाहिल्याचं मनाला लावून घेऊ नका. कोकणचा किनारा इथून अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि किनाऱ्यावर उभं राहून तसाही फ्रंट दिसत नाही. पण एक गोष्ट हाताने करून बघाच. डिसेंबर-जानेवारीत सलग दोन-तीन कडाक्याच्या रात्रींनंतर, सूर्य वर यायच्या आधी, हिप्परग्याला काठाच्या गुडघाभर पाण्याचं तापमान घ्या आणि परवानगी व सोबत मिळाली तर होडीतून खोल भागाचंही घ्या. काठ थंड, मध्य कोमट. जमलं तर काठापासून आत जाताना तळाजवळचं तापमानही घ्या, कारण काठचं जड झालेलं थंड पाणी उताराने तळाशी घसरत आत जातं. हुरडा खायला कोणाच्या शेतात जाणारच असाल, तर तिथलं शेततळंही चालेल. मी विद्यार्थ्यांना हे आधी करायला लावते आणि मग संगणकाला हात लावू देते.

शेवटचा इशारा आपल्या किनाऱ्याबद्दल, कारण चर्चेत कोणीतरी हे काढणारच. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाहही हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उत्तरेकडे जातो, आणि तोही तिथल्या वाऱ्याच्या विरुद्ध. हुबेहूब सारखं वाटतं, पण कारण सर्वस्वी वेगळं. तिथे उथळ भांड्यातला परतीचा प्रवाह नाही. बंगालच्या उपसागरातून किनारा धरून भारताला वळसा घालत येणाऱ्या केल्विन लहरींचा त्यात मोठा हात आहे, आणि त्याच्याबरोबर उपसागराचं कमी खारट पाणी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात येतं. म्हणजे पीत समुद्रात उत्तरेकडे जाणारं पाणी जास्त खारट, आपल्याकडे कमी खारट. इराणच्या आखाताचं उदाहरण कोणी दिलं तर तिथेही जपून: सरासरी खोली ३५ मीटर, हिवाळ्यात वायव्येचा शमाल वारा, सगळं ओळखीचं, पण बाष्पीभवनाने आतलं पाणी इतकं खारट होतं की होर्मुझमधून आत शिरणारं पाणीच तुलनेने गोडं ठरतं. मिठाची कसोटी तिथेही चालते, फक्त चिन्ह उलटं करून.

हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांना मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते, त्याही तापमान आणि हरितद्रव्याच्या फ्रंटवरूनच काढलेल्या असतात. तिथे फ्रंट कुठे आहे एवढंच पुरतं, तो कशाने झाला हे विचारावं लागत नाही. तुम्हाला मात्र विचारावं लागणार, म्हणून पहिली आकृती खोलीच्या नकाशावर फेब्रुवारीच्या समताप रेषांची ठेवा, दुसरी न हललेल्या पाण्याच्या हिशेबाची, तिसरी दोन्हींतल्या फरकाची. बाण काढायचेच असतील तर तिसरीवर काढा, आणि ३३ ची क्षारता-रेषा त्याच आकृतीवर ठिपक्यांनी दाखवा.